तांब्यावरचा ताबा

आमच्या गावात माझ्या वडिलांना आफ्रिका गुरुजी म्हणत. तोंडावर नुसतं गुरुजी, पाठीमागे आफ्रिका. ते अहमदपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे आणि रोज एसटीने जाऊन-येऊन करायचे. भारताचा भूगोल पुस्तकात होता तेवढा शिकवत. आफ्रिका मात्र मनापासून शिकवत. शाळेतला आफ्रिकेचा नकाशा इतका जुना होता की त्यावर निम्मे देश अजून गोऱ्या साहेबांच्याच नावावर होते. वडिलांनी तो घरी आणला, नव्या देशांची नावं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली आणि जागच्या जागी चिकटवली. एखाद्या देशाने नाव बदललं की आमच्या चुलीवर खळ शिजायची. गहू आमच्याकडे सणावारालाच दिसत. त्यामुळे आई म्हणायची, एका देशामागं एका पोळीची कणीक जातीय, त्यांना जरा दमानं स्वतंत्र व्हायला सांगा.

हे वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते मला पुढे कळलं. आफ्रिकेतले बरेच पुढारी आधी शाळामास्तर होते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मास्तर माणूस वर्गातून उठतो आणि थेट देशाचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट त्यांना फार सुखावत असावी. संध्याकाळी रेडिओचा कान पिळत ते खरखरीतून बातम्या वेचत. गावच्या सरपंचाने रस्त्याचा मुरूम कुठल्या शेतात टाकला हे त्यांना माहीत नसे. पण तांब्याचा भाव लंडनला उतरला की इकडे त्यांचं तोंड उतरे. झांबियातल्या खाणी तिथल्या सरकारने ताब्यात घेतल्या, याचा आनंद त्यांना घटना होऊन कैक वर्षं लोटली तरी ताजा होता.

ताबा हा त्यांचा लाडका शब्द. मालकी वेगळी आणि ताबा वेगळा, हे ते दहावीच्या पोरांना आणि भाजी निवडणाऱ्या आईला सारख्याच तळमळीने समजावत. खाणीवर झेंडा तुमचा, पण यंत्राची किल्ली परक्याच्या खिशात, मग ताबा कुणाचा? आईने एकदा विचारलं, तिकडं एवढं तांबं निघतं, तर तिथल्या बायांच्या घरात तांब्याचे हंडे असतील का? वडील जरा घुटमळले. म्हणाले, तसं नसतं. तांबं लगडीच्या रूपात बाहेर जातं आणि तार होऊन परत विकत येतं. आई म्हणाली, मंजी त्यांची घागर बी दुसऱ्याच्याच आडावर भरती.

आईला हे एका वाक्यात कळलं, याला कारण होतं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. दीक्षा घेतल्यापासून आम्ही बौद्ध; गावाच्या हिशोबात मात्र आम्ही होतो तिथेच होतो. गावची विहीर वर, पाराजवळ. आमच्या बायकांनी तिच्या कठड्याखालच्या दगडावर घागरी मांडून बसायचं, आणि वरच्या एखादीला दया आली की तिने उंचावरून पाणी ओतायचं. याला पाणी वाढणं म्हणत. भिक्षा म्हणायला त्यांनाही बरं वाटत नसावं. आई लग्न होऊन आली तेव्हा त्या दगडावर बसली होती. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीतल्या सगळ्यांनीच सरकारी कामावर खडी फोडली. दगड फोडायची सवय हाताला लागलीच आहे तर ती वाया कशाला घालवायची, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी वस्तीच्या टोकाला स्वतःची विहीर खोदली. माझ्या पाठच्या भावाच्या वेळी दिवस गेलेले असताना आई डोक्यावरून गाळ वाहत होती. झरा लागला, पाणी गोड निघालं. त्या दिवशी आईने जाहीर केलं की या जन्मी ती त्या दगडावर पुन्हा बसणार नाही. तिने दुसरं काही कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

मी अकरावीत गेले त्या सुमाराला आमचा जिल्हा बदलला होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं आणि आमचा तालुका लातुरात गेला. वडिलांनी घरातल्या मराठवाड्याच्या नकाशावरही एक चिठ्ठी चिकटवली. खळ केलेलीच होती. नवा जिल्हा आम्हाला दिसला तो शिक्क्यातून. कागदावर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं, त्याच्यावर जांभळ्या शाईत लातूर. वडील म्हणाले, असंच असतं. आधी शिक्का येतो, मग टेबल येतं, ताबा सगळ्यात मागून येतो.

टेबलं यायच्या आधी वक्तृत्व स्पर्धा आली. नव्या जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी लातूरला ती भरली होती. विषय कुणी काढले होते देव जाणे. हुंडा होता, आदर्श शिक्षक होता, वृक्षारोपण होतं आणि सगळ्यात खाली एक होता: आफ्रिकी नेतृत्व आणि नैसर्गिक संपत्तीवर राष्ट्राचा ताबा. तो बहुधा दुसऱ्याच कुठल्या स्पर्धेच्या यादीतून चुकून उतरला असावा. वडिलांना वाटलं, सरकारला आपला पत्ता सापडला. औशाहून आणि उदगीरहून आलेले मास्तर हुंड्यावर तुटून पडले. आफ्रिकेवर बोलायला एकटे वडील उभे राहिले. परीक्षकांत एक साहेब होते, टंचाईचं काम बघणारे. त्यांना भाषण इतकं आवडलं की त्यांनी मध्येच दोनदा मान डोलावली. जमिनीच्या पोटात जे आहे ते कुणा एकाचं नसून राष्ट्राचं आहे, असं वडील म्हणाले तेव्हा साहेबांनी टाळी वाजवली. पहिलं बक्षीस मिळालं. भुसार व्यापाऱ्यांनी दिलेली स्टीलची कळशी होती ती. वडिलांना चषकाची अपेक्षा होती; आईला कळशीच आवडली.

गुरुजी जिल्ह्यात पहिले आले म्हटल्यावर गावाला सत्कार करणं भाग पडलं. चावडीसमोर सतरंजी अंथरली, हार आला. चहाचे कप फिरले. वडिलांच्या हातात आला तो कप वेगळा होता, कान तुटलेला, आणि तो तसाच येणार हे सगळ्यांनाच माहीत असल्याने कुणाला काही वाटलं नाही. मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते दोन शब्दांवर थांबणारे नव्हते. त्यांनी लातूरचं अख्खं भाषण पुन्हा केलं आणि त्यातलं सगळ्यात आवडतं वाक्य, झांबिया हा शब्द गाळून, आवाज चढवून म्हटलं: "तांब्यावरचा ताबा जोवर आपल्या हातात येत नाही, तोवर स्वातंत्र्य अपुरं आहे."

सभा चिडीचूप झाली. गावात धातूचं तांबं कुणाच्या डोक्यात असणार? तांब्या म्हणजे पाण्याचा तांब्या. आफ्रिका गुरुजींनी भर सत्कारात पाण्याचाच विषय काढला, असं समजून पुढच्या रांगेतली डोकी खाली गेली. सरपंचाने पागोटं मागे सारलं, कुणाकडे तरी डोळ्याने खूण केली, आणि जरा वेळाने त्याच्या घरातलं चकचकीत घासलेलं तांब्या-फुलपात्र वडिलांच्या पुढ्यात येऊन बसलं. पाण्याने काठोकाठ भरलेलं. त्या गावाने आमच्या घरातल्या माणसाला तांब्या हातात देण्याची ती पहिली वेळ. वडिलांना वाटलं, बोलून घसा सुकला असेल म्हणून दिलं. ते घटाघटा प्यायले आणि पुन्हा खाणींकडे वळले. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पुढे पावसाने ओळीने दगा दिला. पाराजवळच्या विहिरीचा तळ दिसू लागला, मळ्यातल्या विहिरी आटल्या. वस्तीची विहीर तेवढी टिकून होती. दगड फोडून जिथे जागा मिळाली तिथे आम्ही खणलं होतं, त्यात अक्कल आमची नव्हती. पण झरा मात्र आमच्या बाजूचा निघाला. वरच्या आळीतलं कुणी पाणी मागायला येत नसे. मागायला येणं म्हणजे आमच्या विहिरीवर घागर मांडणं, आणि तेवढी तहान अजून लागलेली नव्हती. तेवढ्यात एक जीप आली आणि तिच्यातून टाळी वाजवणारे तेच साहेब उतरले.

त्यांनी वडिलांना ओळखलं, खांद्यावर हात ठेवला. मग सांगितलं की वस्तीची विहीर शासनाने अधिग्रहित केली आहे. मालकी तुमचीच, काळजी नको. फक्त टंचाई असेपर्यंत पाणी शासन वापरणार. वडील काही बोलायच्या आत ते हसून म्हणाले, "गुरुजी, जमिनीच्या पोटातलं सगळं राष्ट्राचं, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आम्ही फक्त अंमलबजावणी करतोय."

मी वडिलांचा चेहरा तेव्हा पाहिला. स्वतःचंच वाक्य जीपमध्ये बसून आपल्या दारी येईल, अशी कल्पना त्यांनी केली नव्हती. त्यांनी अट घातली, तीही आफ्रिकेची होती. विहिरीवर इंजिन बसवा, पण त्याची किल्ली वस्तीकडे राहील, आणि आधी वस्तीच्या घागरी भरतील. साहेब म्हणाले, रास्त आहे. किल्ली दुसऱ्या दिवशी सरपंचाच्या पुतण्याच्या करगोट्याला लटकलेली दिसली. इंजिन चालवण्याचा अनुभव त्याच्याकडे होता, असं कळलं.

वस्तीतल्या बायकांना अधिग्रहण हा शब्द नवा होता. त्यांनी त्यातलं ओळखीचं तेवढं उचललं: विहिरीला गिराण लागलंय. पूर्वी ग्रहण सुटताना वस्तीतली माणसं 'दे दान' करत गावातून फिरायची. दीक्षेनंतर ते आम्ही सोडलं होतं. आता एक म्हातारी कठड्यावर बसून सगळ्यांना विचारू लागली, गिराण आपल्याच हिरीला लागल्यावर दान कुनी कुनाला मागायचं? तिला वाटलं होतं आपण साधी शंका विचारतोय.

आता पाण्याचा प्रवास सांगते. यावर मला अजूनही राग येतो आणि हसूही. इंजिनाने आमच्या विहिरीतून पाणी उपसायचं, ते टँकरमध्ये पडायचं. टँकर वस्तीला वळसा घालून वर जायचा आणि पाराजवळच्या गावविहिरीत रिता व्हायचा. तिथून वरच्या आळीतल्या बायका ते शेंदून घरी न्यायच्या. आमच्या विहिरीत होतं तोवर त्या पाण्याला जात होती. टँकरमध्ये ते सरकारी झालं, आणि गावविहिरीत पडलं की गावचं झालं. चार फर्लांगात पाण्याचा एवढा उद्धार मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. वडिलांना हे बघून लगडी आणि तारा आठवत असणार. पण संध्याकाळी रेडिओचा कान पिळणं त्यांनी सोडून दिलं.

इंजिन सकाळपासून धडधडे. झऱ्याला दम घ्यायला उसंत मिळेना. आमच्या विहिरीत पोहरा टाकला की चिखल वर यायला लागला. वस्तीच्या घागरी आधी भरायच्या, ही अट साहेबांच्या जीपबरोबर निघून गेली होती. वडील तालुक्याला खेटे घालत होते. तिथे सांगत, पाणी गावविहिरीत टाकलंय ना, गाव म्हणजे तुम्ही पण आलातच. आणि गावविहिरीवर आम्ही आलो म्हणजे दगडावर. दोन-तीन घरच्या बायका जाऊन बसल्यासुद्धा. लेकरं तहानेली असताना किती दिवस नुसतं बघत राहणार?

आईने शेजारणींच्या उसन्या पाण्यावर चालवलं, भांडी राखेने पुसली. मग एका सकाळी तिने कोनाड्यातली बक्षिसाची कळशी काढली. मला म्हणाली, चल. वडील दाराशी उभे होते. दगडावर बसणार नाही, हे तिचं म्हणणं त्यांना पाठ होतं. त्यांनी विचारलं, जातेस? ती म्हणाली, जाते.

पाराजवळ टँकर नुकताच रिता होऊन गेला होता. कठड्याभोवती वरच्या आळीतल्या बायका, खाली दगडावर आमच्या दोघी-तिघी. सरपंचाची बायको रहाटावर होती. तिने आईला पाहून पोहरा वर घेतला आणि मान हलवून खूण केली, मांड, वाढते. आई दगडाजवळ उभी राहिली. बसली नाही.

"काकू, ह्ये पानी कुनाचं हाय?"

काकू बिचकली. इतके दिवस कुणी विचारलं नव्हतं. आमचं म्हणावं तर सगळ्यांनी टँकर कुठून निघतो ते पाहिलेलं. तुमचं म्हणावं तर घागर घरात कशी न्यायची? ती म्हणाली, "सरकारचं हाय बाई."

"मग तुमी कामून वाढून राहिल्या? सरकारचं आपून आपल्या हातानं घिऊ."

आई दगडावर पाय देऊन कठड्यापर्यंत चढली. काकूच्या हातातलं चऱ्हाट तिने ओढून घेतलं नाही. हात पुढे करून उभी राहिली. काकूने ते दिलं. मला वाटतं, दुसरं काय करायचं ते तिला सुचलंच नाही. पोहरा खाली गेला, रहाट कुरकुरला, पाणी वर आलं. आईने कळशी भरली आणि मग दगडावर बसलेल्या बायांच्या घागरी एकेक वर मागून घेऊन भरल्या. वरच्या दोघींनी आपल्या रिकाम्या घागरी बाजूला ओढल्या. कोणी ओरडलं नाही. पाणी खाली खाली चाललं होतं आणि टँकर परत कधी येईल ते सांगता येत नव्हतं, त्यामुळे रुसून घरी जायला कुणाची तयारी नव्हती. जरा वेळाने त्या घागरी परत रांगेत आल्या.

त्या संध्याकाळी गावात बैठक बसली. काय बोलणं झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. एवढंच कळलं की सत्कारातलं ते वाक्य कुणाला तरी आठवलं, आणि आफ्रिका गुरुजींनी हे आधीच ठरवून ठेवलं होतं, तांब्यावरचा ताबा ते बोलले तो हाच, असं सर्वांचं एकमत झालं. वडिलांना हे कारस्थानाचं श्रेय मिळालं आणि ते त्यांनी नाकारलं नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या सगळ्या बायका कठड्यावर चढून पाणी शेंदू लागल्या.

पाऊस झाला, अधिग्रहण उठलं, इंजिन निघालं. आमची विहीर पुन्हा हाताला लागेल इतकी भरली. पण दर बाजारच्या दिवशी आई ती स्टीलची कळशी घेऊन पाराजवळ जायची आणि गावविहिरीचं पाणी आणायची. ते मचूळ असे. आमच्या घरात ते कुणी पीत नसे, शेळीसुद्धा हुंगून मान फिरवी. आई ते चिंचेच्या रोपाला ओतायची. वडिलांनी शेवटी विचारलं, आता कशाला उन्हातान्हात जातेस?

"तुमीच सांगितलं न्हवं, त्या लोकांनी खानी घेतल्या आन किल्ली मागायचं इसरले म्हून? ताबा आला म्हून घरी बसून जमतंय व्हय. ठिवावा लागतोय."

वडील खूप दिवसांनी मोठ्याने हसले. त्या आठवड्यात त्यांनी रेडिओचे सेल बदलले. पुढे आफ्रिकेवर बोलताना ते हे वाक्य वापरायचे, आणि एका जाणकार बाईंचं मत म्हणून सांगायचे.

वडील गेले. मी नोकरीनिमित्त नांदेडला, विष्णुपुरीच्या अंगाला राहायला आले. आई गावीच राहिली. तिचे गुडघे गेले तरी बाजारचा दिवस चुकवायची नाही, वाटेत बसत बसत जायची. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा मात्र तिला उठवेना. तिने कळशी माझ्याकडे सरकवली. म्हटलं, आई, घरोघर नळ आलेत, ती विहीर आता बुजत आलीय. ती म्हणाली, "म्हून तर म्हंते. जाऊन ये."

मी गेले. कठडा एका बाजूने ढासळला होता. रहाट कुणी काढून नेलेला, चऱ्हाट नाही, आत प्लास्टिक आणि बाभळीच्या फांद्या. दगड तेवढा जागेवर होता. मी कठड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिले आणि रिकामी कळशी घेऊन परत आले.

आईने कळशीत डोकावून पाहिलं.

"कुनी अडवलं?"

"नाही गं. तिथं कुणी येतच नाही आता."

तिने यावर जरा विचार केला. चेहऱ्यावर समाधान होतं की दुसरंच काही, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

"मंजी आता समदी आपलीच," ती म्हणाली, आणि तिने मला चहा टाकायला सांगितला.